चित्रातलं चक्र

मुखरूने वाकून दुर्बिणीला डोळा लावला तशी तलावाच्या पाळीवर बसलेली माणसं गप्प झाली. पहिला मान त्याचाच होता. शाळेतलं जड लाकडी टेबल उजेड होता तोवर त्यानेच डोक्यावरून पाळीपर्यंत आणलं होतं, आणि नीलिमा मॅडम म्हणाल्या होत्या, ज्याने टेबल आणलं तो आधी पाहणार.

"दिसतंय का?" मॅडमनी विचारलं.

मुखरूने डोळा नळीवर आणखी दाबला. त्याचा एक हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता.

"दिसते ना मॅडम," तो म्हणाला. "चक्र आहे. मोठ्ठं. मंधात पिवळं पिवळं, आन् दोन्ही बाजूनं निळे हात गोल फिरून गेले."

"अबाबा!" मागून बायनाबाई ओरडली. "माहा नंबर येऊ द्या आता!"

मॅडम मुखरूला काहीतरी विचारणार होत्या, पण तोवर पोरीसोरींनी टेबलाला गराडा घातला. कोणाचा तरी धक्का लागून नळी हलली. मॅडमनी सगळ्यांना मागे सारलं, लाल कागद गुंडाळलेली टॉर्च एकदा लावून विझवली आणि नळी पुन्हा नीट करायला घेतली. मुखरू टेबल सोडून बाजूला झाला. दोन पावलं हळू टाकून तो मोहाच्या झाडापाशी गेला आणि बुंध्याला पाठ लावून खाली बसला.

मुखरूची माय गुणाबाई मागे दगडावर बसून हे बघत होती. चक्र दिसतं म्हणून पोराने सांगितलं ते तिनेही ऐकलं होतं, पण तिने मान तिकडे वळवली नव्हती. तिचा धाकटा मिथुन या तलावात बुडून गेला, त्याला दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून ती थोरल्याशी एक शब्दही बोलली नव्हती. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत होती. काही सांगायचं झालं तर सुनेला सांगायची, "गोकुळा, त्याले म्हन लाकडं संपले." तो समोर बसलेला असला तरी.

नव्याण्णव सालचा डिसेंबर होता. कुरखेड्याच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या सावरटोल्यात सांज झाली की तसाही अंधारच. त्यात आज लाइन गेलेली. मॅडमना तेच हवं होतं. त्या भद्रावतीच्या, आयुध कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या. गावच्या शाळेत येऊन त्यांना दुसरंच वर्ष होतं. नागपूरच्या एका शिबिरात स्वतः घासून केलेली ही दुर्बीण त्यांनी एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर धरून आणली होती. दुपारी त्यांनी शाळेच्या भिंतीवर एक भलंमोठं रंगीत चित्र लावलं होतं. काळ्या आभाळात एक तिरपं चक्र. मधोमध पिवळा गोळा, भोवती निळसर हात वेटोळं घालून गेलेले, हातांच्या मधून काळ्या धुळीच्या रेघा. मॅडमनी सांगितलं होतं की ही देवयानी दीर्घिका. आपला सूर्य आणि आपल्याला दिसणारे सगळे तारे मिळून एक असंच चक्र आहे, आणि हे त्याच्या शेजारचं दुसरं, आपल्याहून मोठं. सारं गाव ते चित्र बघून आलं होतं. मुखरूही टेबल उचलायला गेला तेव्हा त्यापुढे बराच वेळ उभा होता.

"आजी, चाल ना," नात रोशनी तिचा हात ओढत होती. "आपला नंबर आला."

गुणाबाई उठली. मॅडमनी तिच्या खांद्याला धरून तिला नळीच्या वाकड्या तोंडापाशी आणलं. तिने एक डोळा हाताने झाकला, दुसरा लावला.

आधी नुसता काळोख. मग दोन-चार चांदण्या. चक्र कुठेच नव्हतं.

"थेट नका बघू, आजी," मॅडम कानाशी म्हणाल्या. "जरा बाजूला नजर ठेवा. आपोआप दिसेल."

तिने नजर किंचित सरकवली आणि मधोमध एक धुरकट डाग उमटला. सरकीवरचा कापूस बोटांनी ओढून विरळ करावा तसा. मध्ये थोडा दाट, कडेला कुठे संपतो ते कळू नये असा. त्याच्या अंगाला लागून अजून एक इवलासा डाग होता. बस्स. पिवळं नाही, निळं नाही, हात नाहीत. तिला वाटलं, गेले आपले डोळे. पोराला चक्र दिसलं आणि आपल्याला हा धूर.

"दिसलं?"

"दिसलं," ती म्हणाली आणि खालमानेने बाजूला झाली.

तिच्यामागून बायनाबाई. ती मात्र गप्प राहणारी नव्हती.

"हे का वं मॅडम? चुन्याचं बोट पुसल्यावानी दिसून राह्यलं! चक्र कुठी आहे?"

"मले भी तसंच दिसलं," रोशनी म्हणाली. "आन् बाजूले एक लहानसा ठिपका."

"मले तर धुपटच दिसलं," दुसऱ्या कोणीतरी कबूल केलं. मग एकेक करून सगळेच बोलू लागले. कोणाला धूर दिसला होता, कोणाला दह्याचा डाग. मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष दादाजी, ज्याच्या शब्दावर तलावात जाळं पडायचं नि निघायचं, तो तर म्हणाला की दुर्बिणीच्या काचेवरच काहीतरी लागलं असेल, पुसून घ्या.

मॅडम हसल्या. "काच साफ आहे, दादाजीभाऊ. सगळ्यांनी बरोबर पाहिलं. डोळ्याला ती तशीच दिसते. दुपारचं चित्र मोठ्या कॅमेऱ्याने काढलेलं आहे. तो कॅमेरा कितीतरी वेळ उघडा ठेवून तिचा उजेड साठवतात, तेव्हा कुठे ते रंग आणि हात दिसतात. आपल्या या नळीतून ते कोणालाच दिसत नाहीत. मलाही नाही."

"लई दूर आहे म्हनून?"

"शेजारीण असली तरी दूरच. आपण आत्ता जो उजेड पाहिला, तो तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. वीस-पंचवीस लाख वर्षं तो उजेड वाटेतच होता."

पाळीवरच्या माना पुन्हा वर, आभाळाकडे वळल्या. मग दादाजीच म्हणाला, "आन् मंग मुखरूले हात कशे दिसले?"

"त्याले एकाचे दोन दिसतेत!" लटारू नावाचा एक जण बोलला. "आज भी टाकून आला असन!"

हशा पिकला. झाडाच्या बुंध्याशी बसलेला मुखरूही हसला. "गंमत केली ना राजेहो," तो म्हणाला.

गुणाबाईला हसू आलं नाही. तिचं अंग लाजेने आणि रागाने तापलं. बाप्पा, परक्या बाईसमोर, साऱ्या गावासमोर, आणि याच पाळीवर. याच पाळीवर मिथुनला आणून निजवलं होतं. त्या सांजेला दोघे भाऊ खोड कोरून केलेला डोंगा घेऊन शिंगाड्याच्या वेलांकडे गेले होते, अडकलेलं जाळं सोडवायला. अंधार पडला तरी परत आले नाहीत म्हणून माणसं कंदील घेऊन गेली, तर मुखरू डोंग्यात मुकाट बसलेला आणि मिथुन त्याच्यापासून बांबूभर अंतरावर, वेलांत पाय गुरफटून, पाण्याखाली. तो पोहत का गेला नाही, हात का दिला नाही, असं साऱ्यांनी मुखरूला विचारलं. "दिसला नाई" एवढंच तो बोलला होता. बांबूभर अंतरावरचा भाऊ! लोक म्हणाले, पिऊन होता. सांजेला ठेचकाळत चालतो, दाराच्या चौकटीला डोकं आपटतो, तोंडाला मोहाचा वास येतो, हे साऱ्यांना ठाऊक होतं. गुणाबाईने त्यावर ना रडणं केलं ना भांडण. तिने बोलणं थांबवलं.

आणि त्यानेही कधी पर्वा केली नाही, असंच तिला वाटत आलं होतं. सांजेच्या वेळी ती अंगणातून जाऊ लागली तर तो वाट सोडून उठायचा नाही. पाय पसरून तसाच बसायचा, जणू समोरून कोणी जातच नाही.

मॅडमनी नळी दुसरीकडे वळवली होती. "आता शनी बघूया. त्याची कडी अगदी स्पष्ट दिसते."

"शनीले कोन पाह्यते बाप्पा!" बायनाबाई चार पावलं मागे सरकली. "तो आपल्याले पाह्यते तेवढंच लई झालं!" पण पोरी पुढे धावल्या, त्यांच्यामागे बाया, त्यांच्यामागे पुरुष, आणि जरा वेळाने बायनाबाईही रांगेत उभी राहिली.

मोहाच्या झाडाकडे कोणीच उरलं नाही. गुणाबाई तिकडे चालत गेली. दोन हिवाळे जे तोंडात धरून ठेवलं होतं ते आज त्याच्या तोंडावर फेकायचं, असं तिने ठरवलं होतं. ती त्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिली. चांदण्यांचा उजेड पुरेसा होता. तिला त्याचा चेहरा दिसत होता, गालावरची वाढलेली दाढी, मांडीवर टेकलेले हात. डोळे उघडे होते आणि सरळ तिच्याकडे लागलेले होते.

तो उठला नाही. मानही वळवली नाही.

शब्द राहिले बाजूला, तिने हात उचलला. लहानपणी उचलायची तसा, थेट त्याच्या गालावर मारायला.

त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

तिचा हात हवेतच थांबला. लहानपणी हा हात उचलला की तो दोन्ही कोपरं तोंडापुढे धरायचा. आता तो हात त्याच्या नाकासमोर होता आणि तो त्यापलीकडे कुठेतरी, पोरींच्या आवाजाकडे कान लावून बसला होता. तिने हात हळूच डावीकडे नेला. मग उजवीकडे. मग बोटं पसरून डोळ्यांच्या अगदी जवळ. डोळे जिथे होते तिथेच राहिले.

वाळलेलं पान तिच्या टाचेखाली वाजलं.

"कोन आहे?" मुखरूने विचारलं. जरा थांबून, हळू, "गोकुळा?"

गुणाबाई एक पाऊल मागे सरली. तिने झाडाचा आधार घेतला. अंगणात पाय पसरून बसलेला तो, आणि त्याच्या पायांवरून पाय उचलून मुक्याने जाणारी ती. मुक्याने! ती बोलत नव्हती, म्हणून ती तिथे नव्हतीच.

"कवापासून?" ती म्हणाली.

मुखरू ताडकन उठला. डोकं मोहाच्या खालच्या फांदीला लागलं, पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. तो तिच्या उजव्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होता.

"माय?"

"कवापासून दिसत नाई तुले?"

"दिवसा दिसते," तो घाईने म्हणाला. "दिवसा चांगलं दिसते, माय. बिलकुल सुईचं नाकं दिसते. दिवस डुबला का..." त्याने हात झटकल्यासारखा केला. "आंगावर घोंगडं टाकल्यावानी होते. लहान होतो तवा एवढं नोतं. लगन झाल्यावर वाढत गेलं."

"आन् दारू?"

मुखरू फांदी लागलेलं डोकं चोळू लागला.

"दारूचं विचारून राह्यली मी."

"गुळणा करतो," तो म्हणाला. "दिवस डुबायच्या आंधी मोहाचा एक गुळणा. पीत नाई. वास आला पायजे म्हनून. दारुड्याले लोक शिव्या देतेत, माय, पन कामावर घेतेत. आंधळ्याले कोन डोंग्यात बसवते? दादाजीभाऊचा नेम तुले मालूम आहे. सकाळची आन् सांजची, दोन्ही पाळ्या करन त्यालेच तलावात वाटा. आता सांजेले मी मांगं बसून नुसतं जाळं वढतो."

तिकडे शनीची कडी पाहून पोरी चिरकत होत्या. गुणाबाईने तलावाकडे पाहिलं. मग तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"त्या दिवशी?"

मुखरू पुन्हा खाली बसला. तीही त्याच्या शेजारी बसली.

"मिथुनले मालूम होतं," तो म्हणाला. "त्याले एकट्याले. मंग गोकुळाले. सांजची पाळी असली का तो मायासंग यायचा. समोर बसून सांगायचा, डावीकडं घे, थांब, आता जाळं सोड. लोकाईले वाटे भावा-भावाचं गूळपीठ आहे. त्या दिवशी जाळं लई गुतलं होतं. तो पान्यात उतरला. म्हने, दादा, दोन मिन्टं. मंग म्हने, दादा, पाय गुतला, बांबू दे."

"मंग?"

"मी देल्ला." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "देल्ला ना बांबू. कुठी देल्ला ते मले मालूम नाई. तो म्हने, इकडं. मी इकडं केला. तो म्हने, इकडं नाई, इकडं. पान्यावर आवाज चारीकडून येते, माय. मंग मी उडी टाकाले उठलो, तर डोंगा हालला आन् मी पडलो तो डोंग्यातच. उठलो तवा तो बोलत नोता. मी त्याचं नाव घेत बसलो. कोन्या बाजूनं उडी टाकू ते समजे ना."

गुणाबाईने आपलं तोंड दोन्ही हातांनी धरलं. कंदील घेऊन गेलेल्या माणसांनी हेही सांगितलं होतं. मुखरू डोंग्यात बसून भावाचं नाव घेत होता. तिने ते ऐकलं होतं आणि ऐकून आणखीच दगड झाली होती.

"सांगतलं काऊन नाई?"

"कोनाले सांगू?" तो म्हणाला. "तू बोलत नोती."

पलीकडे कार्यक्रम संपत आला होता. मॅडम दुर्बीण चादरीत गुंडाळत होत्या. टेबल सकाळी नेऊ, असं त्या कोणाला तरी सांगत होत्या. बाया कंदिलाच्या मागे मागे पाळ उतरू लागल्या. रोशनी बायनाबाईच्या नातींबरोबर पुढे पळाली.

"पोट्टीले?" गुणाबाईने एकदम विचारलं.

"तिले दिसते. मी पाह्यत राह्यतो. रोज सांजेले गोकुळाची सुई तिच्याच हाती देतो, ओव म्हनतो."

गुणाबाईने श्वास सोडला. मग उठली.

"चाल घरी."

"तू हो पुढं. मी येतो मांगून. आवाजानं येतो मी, बायाईच्या."

"चाल म्हनते ना."

ती पुढे झाली. त्याचा हात धरावा असं तिच्या मनात आलं, पण पाळीच्या खाली दादाजी बिडी ओढत उभा होता. तिने हात धरला नाही. ती बोलू लागली.

"इथी दगड आहे. हा उतार लागला. इथी पानी सांडलं आहे, निसरडं आहे." तिचा आवाज खरखरत होता, पण ती थांबली नाही. दादाजीच्या अंगावरून जाताना ती थंडीबद्दल बोलली. धानाच्या बांधीवरून जाताना कोणाचं धान कापायचं राहिलं ते बोलली. बांध संपला तिथे म्हणाली, "इथी बांधी फुटली आहे, बाप्पा, केवढं खांड पडलं," आणि मागे त्याचं पाऊल लांब पडून पलीकडे टेकल्याचं तिने ऐकलं. आता बोलायला काही उरलं नाही असं झालं तेव्हा त्यानेच विचारलं,

"माय, ते खरंच कसं होतं? ते चक्र?"

"चक्र नोतं. जरासं धुपट होतं. मंधात दाट." तिने आठवून बघितलं. "लई नाजूक होतं."

"मले वाटलं चित्रातल्यावानीच असन."

"मले भी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "इथी वळ. नाली आहे."

घराच्या दारात गोकुळा कंदील घेऊन उभी होती. अंधारातून सासूचा आवाज येतो आहे आणि त्या आवाजामागून नवरा येतो आहे, हे पाहून तिने कंदील खाली ठेवला. पदर तोंडाला लावून ती आत गेली, आणि नुसतीच चुलीपुढे बसून राहिली.

सकाळी ऊन पडल्यावर पाळीवर पुरुष जाळी वाळत घालत होते. गुणाबाई टोपली घेऊन आली तेव्हा कालचीच गोष्ट चालली होती. मुखरू टेबल डोक्यावर घ्यायला वाकला होता. मॅडम चादरीतली दुर्बीण छातीशी धरून उभ्या होत्या.

"थांब रे मुखरू," दादाजी म्हणाला. तो हसत नव्हता. "रातभर माया डोक्यात हेच होतं. तू पेला नोता काल. दुपारी तू मायाच शेजारी होता, पाळीवर भी तू मायासमोरच आला. तोंडाले वास होता, पन पेलेला मानूस मले समजते. मंग तुले हात कशे दिसले? का तुले काईच दिसलं नाई?"

जाळी झटकणारे हात थांबले. मुखरू टेबलाची कड धरून तसाच वाकलेला राहिला.

"आज सांजेले मोठं जाळं टाकाचं आहे," दादाजी म्हणाला. "डोंग्यात तू बस. समोर. पाहू."

मुखरूच्या मानेवरची शीर उन्हात स्पष्ट दिसत होती.

"मले भी दिसले," गुणाबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. दोन हिवाळ्यांत थोरल्याच्या बाजूने किंवा विरुद्ध, तिच्या तोंडून कोणीच काही ऐकलं नव्हतं.

"काय दिसलं, गुणाबाई?"

"हात. चक्राचे. मायलेकाले सारखंच दिसलं. काल बोलली नाई मी. तुमी साऱ्यायनं हासून घेतलं असतं."

दादाजीने मॅडमकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी तर म्हनत होत्या का कोनालेच दिसत नाई."

नीलिमा मॅडमनी गुणाबाईकडे पाहिलं. काल हीच म्हातारी खालमानेने "दिसलं" म्हणून बाजूला झाली होती, तेव्हा त्यांनी तिचा खांदा धरला होता. मग त्यांनी मुखरूकडे पाहिलं. टेबलाच्या कडेवरच्या त्याच्या हाताकडे. काल दुर्बिणीचं तोंड शोधताना हाच हात टेबलभर चाचपत फिरला होता. मॅडमचा चेहरा एकदम उतरला. दुर्बीण त्यांनी छातीशी आणखी घट्ट धरली.

"काल आभाळ फार स्वच्छ होतं," त्या म्हणाल्या.

दादाजीने बिडी काढली, पण पेटवली नाही. "ठीक आहे मंग. दिसते तर सांजेले डोंग्यात बसाले काय होते?"

"तो सांजेले येनार नाई," गुणाबाई म्हणाली.

"काऊन?"

तिने टोपली खाली ठेवली. पाळीवर असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की या बाईने ऐन जवानीत नवरा गेल्यावर शिंगाड्याची राखण एकटीने केली होती. रानडुकरं आली तर काठी घेऊन धावून गेली होती. मिथुनला पाण्यातून काढलं तेव्हा त्याच्या पायाचे वेल तिने स्वतःच्या हाताने सोडवले होते.

"मले भेव लागते," ती म्हणाली.

"तुले?"

"हो. मले. मिथुन गेला तवापासून. दिवे लागाच्या वखती घरात जीव घाबरते माया. तो घरी पायजे. सकाळची पाळी दोनदा दे त्याले, मी नाई म्हनत नाई. पन दिवस डुबायच्या आंधी त्याले घरी सोड, दादाजीभाऊ." तिने हात जोडले. तिचे जोडलेले हात कोणी याआधी पाहिले नव्हते.

दादाजीने तिच्याकडे पाहिलं, तिच्या पोराकडे पाहिलं आणि मग तलावाकडे, जिथे शिंगाड्याचे वेल पाण्यावर हिरवे पसरले होते. तो बराच वेळ तिकडेच बघत राहिला. त्याला काय समजलं आणि काय नाही, हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

"सकाळचा राहू दे त्याले," तो शेवटी म्हणाला. "लटारू, सांजेले डोंग्यात तू."

मुखरूने टेबल उचललं. मॅडम त्याच्यामागून निघाल्या. भर उन्हात तो पाळ उतरून सरळ चालत गेला, एकही पाऊल चुकलं नाही.

बायनाबाई टोपली भरताना जवळ सरकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"एवढं भेव लागते आन् बोलली नाई वं कदी? मी शेजारी असून! मी येत जाईन सांजेले. बसत जाईन तुयासंग, जेवनं होयेपर्यंत."

गुणाबाईने मान वर केली.

"येत जाय," ती म्हणाली.

त्या दिवसापासून बायनाबाई खरंच येऊ लागली. दिवेलागणीला ती कंदिलाची वात मोठी करून दारात बसायची आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहायची. गुणाबाई भिंतीला टेकून बसायची, आणि जमेल तितकी भ्यायची.